सातवा हूक

साखर कारखान्यात सेफ्टीवाल्या माणसाला कुणी मनापासून चहा विचारत नाही. तो आला की हेल्मेट शोधावं लागतं, चपला काढून बूट घालावे लागतात, पेटवलेली बिडी विझवावी लागते. मी अनिल, मूळचा केजचा. हा नावडतेपणा मी सोळा वर्षं सुखानं भोगला. धारूरच्या घाटाखाली एक कारखाना आहे. त्याचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. तिथल्या बॉयलरच्या पोटात जे झालं ते दिवसाढवळ्या, दुपारी तीनच्या सुमाराला झालं, एवढं आधीच सांगून ठेवतो. नाही तर भुताची गोष्ट म्हटली की लोक आधी अमावस्या शोधायला लागतात.

आमच्या घरात भुताखेतांना थारा नव्हता. माझी आई भिमाबाई रोज सकाळी वंदना घेते, पंचशील म्हणते, आणि गल्लीत कुणाच्या अंगात आलं तर तिथं जाऊन त्याला झापून येते. मी तिचाच मुलगा. लोखंड, उंची आणि माणसाचा आळस, एवढ्या तीनच गोष्टींना भ्यायचं असं मी नव्या पोरांना शिकवत आलो.

गळीत हंगाम संपला की कारखाना बंद असतो. त्या महिन्यांत बॉयलरच्या आत शिरून दुरुस्ती करायची असते. आत म्हणजे सत्तर फूट उंच पोकळी, चारही बाजूंनी नळ्यांच्या भिंती. आत जायला खाली एकच गोल तोंड, त्यातून रांगत शिरायचं. बाहेर लख्ख ऊन असलं तरी आत काळोख. जुन्या राखेचा, ओल्या बगॅसचा म्हणजे उसाच्या चोथ्याचा, आणि कापलेल्या लोखंडाचा वास तिथं कोंडलेला असतो, घरी जाऊन आंघोळ केली तरी नाकातून जात नाही. परांची बांधून माणसं वर चढतात. वर दिवे लावलेले असतात, पण खालून पाहिलं तर धुळीत नुसता पिवळा डाग दिसतो. माणूस दिसत नाही.

म्हणून आमचा एक रिवाज होता. दर अर्ध्या तासानं मी त्या तोंडाशी बसायचं, पान्यानं नळीवर तीन ठोके द्यायचे आणि वर ओरडायचं, “हूक?” मग वरचे एकेक जण आपल्या बेल्टचा नंबर सांगून उत्तर देणार. “एक, लागला!” “दोन, लागला!” लागला म्हणजे कमरेच्या बेल्टचा हूक वर आडव्या ताणलेल्या तारदोरीला अडकवलेला आहे. पाय घसरला तर माणूस लोंबकळेल, पडणार नाही. सगळे नंबर आले की मी रजिस्टरात खूण करायची. काम साधं, पण सहा-सात घरांच्या चुली त्या खुणेवर असतात.

आदल्या वर्षी सात नंबरचा बेल्ट धर्मराजचा होता. घाटावरच्या एका वाडीचा. हिवाळ्यात बायकोला, शिवकन्येला घेऊन ऊसतोडीला जायचा आणि पावसाळ्यात आमच्याकडे परांचीवर यायचा. हसरा माणूस. हूक विचारला तरी हसत उत्तर द्यायचा. दसऱ्याच्या तीन दिवस आधी तो सगळ्यात वरच्या थरावरून खाली आला. सत्तर फूट. मी त्या तोंडाशीच बसलो होतो.

घाईच्या कामात कामगारांची एक खोड असते. हूक दोरीला लावण्याऐवजी स्वतःच्याच बेल्टच्या कडीत अडकवायचा. म्हणजे तो लोंबकळत नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं लावलाय. धर्मराजचा हूक त्याच्याच कडीत सापडला. पंचनाम्यात तसं लिहिलं गेलं, बेल्ट सील होऊन धारूरच्या पोलीस ठाण्यात गेला. मी जबाब दिला, ‘कामगाराने हूक दोरीला लावला नव्हता.’ वाक्य शब्दन् शब्द खरं होतं. तरी त्या दिवसापासून आईबरोबर पंचशील म्हणताना चौथं शील आलं, मुसावादा वेरमणी, म्हणजे खोटं बोलण्यापासून दूर राहीन, की मला नेमका खोकला यायचा. आई नुसती बघायची.

हे झालं आदल्या वर्षीचं. यंदा तोच बॉयलर, तीच घाई. दसऱ्याला बॉयलर पेटवायचा मुहूर्त ठरलेला, पत्रिका छापून झालेल्या. आमचे चीफ इंजिनिअर विजयसिंह दिवसातून चार वेळा येऊन घड्याळ बघायचे. ठेकेदाराचा मुकादम रामकिसन. वर सहा माणसं, एक ते सहा नंबरचे बेल्ट. सात नंबर आम्ही पुन्हा दिलाच नव्हता.

चार नंबरवर लखन होता. धर्मराजचा धाकटा भाऊ.

सोमवारी सकाळी बेल्ट बांधता बांधता तो माझ्याजवळ आला. “सायेब, येक इचारू?”

“विचार की.”

“दादा आडमुठा व्हता, पर येडा नव्हता. त्यानं हूक लावला न्हाई कावून?”

मी त्याचा बकल तपासत राहिलो. “घाई असते बाबा. होतं असं.”

“वैनीला गावात तोंडावर म्हणत्यात, तुजा नवरा आपल्याच चुकीनं गेला. तिनं पाण्याला जायचं बी सोडलंय. लोक बघत्यात म्हून.” त्यानं बेल्ट ओढून पाहिला. “तुमी खाली व्हते. तुमाला ठावं आसंल म्हून इचारलं.”

“जे होतं ते लिहून दिलंय,” मी म्हणालो. तो मान हलवून आत शिरला. मला त्याच्या पाठीकडे बघवलं नाही.

आणखी एक गोष्ट कबूल करतो. धर्मराज पडल्यापासून मी वर चढलो नव्हतो. गुडघा दुखतो असं सांगायचो. परमिटच्या, म्हणजे काम सुरू करायच्या परवानगीच्या, कागदावर तारदोरीबद्दल एक ओळ असते, ‘लाइफलाइन वर जाऊन तपासली.’ त्या ओळीपुढे मी खालीच बसून खूण करत होतो. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं.

त्याच सोमवारी दुपारी तीनला मी ठोके दिले. “हूक?”

“एक, लागला.” “दोन, लागला.” तीन, चार, पाच. “सहा, लागला.”

मी पेन्सिल टेकवली आणि वरून, फार वरून, आवाज आला. “सात, लागला.”

शेवटी थोडं हसल्यासारखं.

बॉयलरमध्ये आवाज घुमतो, हे मी स्वतःला लगेच सांगितलं. पण घुमलेला आवाज सहाचा सहाच परत येतो. त्याला पुढचा आकडा मोजता येत नाही. मी वर तोंड करून विचारलं, “चेष्टा कोण करतंय रे?” वर कापायचं मशीन बंद होतं.

कामगारांना पाणी द्यायला वत्सलाबाई असायच्या. बाहेर सावलीत घागर आणि स्टीलचे पेले घेऊन बसायच्या. सुट्टी झाल्यावर त्या पेले मांडून बघत राहिल्या.

“अनिलभाऊ, आज सात जण हायती का वर?”

“सहाच. का हो?”

“मंग ह्यो पेला कुनी उष्टा केला?”

त्यांनी सातवा पेला पुढे केला. तळाशी घोटभर पाणी, आणि बाहेरून चार बोटांचे ठसे. राखेचे. मी तो घेऊन स्वतः धुतला आणि म्हणालो, “मीच प्यालो असेन.” वत्सलाबाईंनी माझ्या स्वच्छ हातांकडे पाहिलं आणि घागरीवर झाकण ठेवलं.

मंगळवारी मी दिवसभर मनाला समजावत होतो. तीन वाजायला आले तसा बॉयलरमधला वास बदलला. ओल्या बगॅसचा वास अचानक दाट झाला, घशात बसला. मग एक आवाज सुरू झाला. खट्... थोडं थांबून, खट्... हूक एका ठिकाणचा काढून पुढे लावत माणूस चढतो तेव्हा असाच आवाज होतो. तो समोरच्या भिंतीवरून खाली येत होता. त्या भिंतीला परांची नव्हती. पाय ठेवायला जागाच नव्हती.

मी ठोके दिले. माझाच आवाज मला बारीक वाटला. “हूक...?”

सहा जणांनी उत्तरं दिली. हळू, एकमेकांची वाट बघत. सगळ्यांचे कान कुठे होते ते मला कळत होतं. मग सातवं उत्तर आलं, आणि या वेळी वरून नव्हे. माझ्या डोक्याच्या पुरुषभर वरून, अंधारातून.

“सात... लागला.”

मी टॉर्च मारली. नुसत्या नळ्या, आणि त्यांच्यावरून सरसरत खाली येणारी बारीक राख, आत्ताच कुणी हात ठेवून काढल्यासारखी.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आईनं विचारलं, “काय रे, कुनाशी भांडलास?” मी नाही म्हणालो. खरं तर भांडण चालूच होतं, माझं माझ्याशी.

बुधवारी विजयसिंह सकाळीच येऊन बजावून गेले, “आज वरचा थर संपवायचाच. सहाही जण एकदम वर घाला.” मी परमिट समोर घेतलं. लाइफलाइन तपासली? वर बघितलं. पिवळा डाग, धूळ. केली खूण.

तीन वाजता नळीवर ठोके दिले. “हूक?”

एक, दोन, तीन. लखनचा चार. पाच. सहा. सगळे लागले.

मग काहीच नाही. गेला बुवा, असं मनात येतंय तोवर अगदी शांत, अदबीनं, काम विचारावं तसा आवाज आला.

“सायेब... हूक लावू कुठं?”

माझ्या हातातली पेन्सिल पडली.

ते वाक्य मी पहिल्यांदा ऐकत नव्हतो. बरोबर एक वर्षापूर्वी, ह्याच तोंडाशी बसून, मी ते ऐकलं होतं. वरच्या थरावर दोरी बांधलेलीच नव्हती. ती यायची होती, मला माहीत होतं, आणि तरी परमिटवर सही माझी होती. मी विचारलं, “हूक?” धर्मराजनं वरून विचारलं, “सायेब, हूक लावू कुठं? हितं दोरीच न्हाई.” आणि मी खालून ओरडलो होतो, “आजच्या दिवस नुसतं लागला म्हण! उद्या दोरी येतीय.” वरचे सगळे हसले. तोही हसला. मग म्हणाला, “सात, लागला!” लोंबकळता हूक त्यानं कडीत अडकवला असणार, माझ्या रजिस्टरात खूण व्हावी म्हणून. वीस मिनिटांनी तो खाली आला. ऐकणारे चार जण होते. पंचनाम्याला वर कुणी चढलं नाही. ठेकेदाराच्या भीतीनं ते चार जण गप्प राहिले, आणि मी माझ्या भीतीनं.

मी शिट्टी फुंकली. एकदा नाही, दम संपेपर्यंत. “काम बंद! सगळे खाली या! एकेक करून, दोरीला झोल न देता, हळू!”

माणसं रांगत बाहेर आली. काळ्याठिक्कर तोंडांवर नुसते डोळे दिसत होते. लखन सगळ्यात शेवटी आला. उन्हात आला तरी बेल्ट सोडायचं त्याला सुचलं नाही.

“दादाचा आवाज व्हता,” तो म्हणाला. “सायेब, त्यो तुमाला कावून इचारत व्हता?”

मी बेल्ट चढवला आणि आत शिरलो. वर्षभरानं पहिल्यांदा. दर पायरीला हूक काढायचा, लावायचा. मागून लखन चढत होता. मी त्याला नको म्हणालो नाही. खरं सांगायचं तर मला एकट्याला जायची छाती नव्हती.

वरच्या थरावर तारदोरी होती. चांगली, नवी, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ताणलेली. उजवं टोक भिंतीच्या ब्रॅकेटला जाड लोखंडी कडीनं, नटबोल्ट आवळून पक्कं केलेलं. आम्ही परांचीवरून डाव्या टोकाकडे सरकलो. मी माझा हूक दोरीला न लावता थेट भिंतीच्या ब्रॅकेटला लावला, लखनलाही तसंच करायला लावलं. आणि टॉर्च टोकावर धरली.

तिथं कडी नव्हती. बांधकामाची बारीक तार दोन-तीन वेढे देऊन बांधलेली होती, आणि ती तार तुटलेली होती. तुटलेली टोकं बाहेर वळली होती, त्यांच्यावर गंज चढायला लागला होता. म्हणजे आजची नव्हे, दोन-तीन दिवसांची.

दोरी तरीही ताणलेली होती. कारण दोरीचा फास आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये एक हूक होता. बेल्टचा हूक, पट्टा नसलेला, राखेनं माखलेला. त्याच्यावर ठोकलेला आकडा टॉर्चमध्ये स्पष्ट दिसला. सात.

सोमवारपासून सहा माणसं त्याच्या भरवशावर होती.

“रामकिसन!” मी खाली ओरडलो. “डाव्या टोकाला कडी कुठंय?”

मग खालून आवाज आला, “येक कडी कमी पडली व्हती सायेब... तारंनं आवळलंय. उद्या लावनार व्हतो.”

उद्या. मला माझाच आवाज ऐकल्यासारखं झालं.

लखननं हात पुढे केला आणि हुकाला बोट लावलं. लगेच मागे घेतलं. “सायेब, ऊन हाय,” तो कुजबुजला. मीही लावून पाहिलं. लोखंड कोमट होतं, बराच वेळ मुठीत धरून ठेवल्यावर होतं तसं.

खालून दोरानं कडी वर घेतली. लखननं ती हुकाच्या शेजारून फासात घातली, मी बोल्ट आवळला. शेवटचा आटा बसला आणि खट् आवाज झाला. हूक आपसूक उघडला आणि खाली गेला.

आम्ही दोघं कान देऊन थांबलो. सत्तर फुटांवरून लोखंड पडलं तर अख्खा बॉयलर घंटेसारखा वाजतो. काहीच वाजलं नाही. नंतर तळाची राख चाळणीनं चाळली, तरी हूक सापडला नाही.

खाली आलो तेव्हा विजयसिंह आलेले होते. “कुणाला विचारून काम थांबवलं? मुहूर्त काय तुम्ही गाठणार आहात?” मी त्यांना ओलांडून गेलो. लखनसमोर उभा राहिलो आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं. दोरी नव्हती. तुझ्या भावानं विचारलं होतं. मी त्याला खोटं बोलायला लावलं. बोलताना मला रडू कोसळलं, आणि लाजही वाटली नाही.

लखन मला मारेल असं वाटलं होतं. तो खाली बसला आणि दोन्ही हातांत तोंड घालून म्हणाला, “त्यानं इचारलं व्हतं... म्हंजी त्यानं इचारलं व्हतं.” तेच तेच, कितीतरी वेळ.

मग मी लेखी दिलं, पुरवणी जबाब दिला. नोकरी गेली, ती जाणारच होती. घाटावर जाऊन शिवकन्येलाही तोंडानं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, मला पाणी दिलं, आणि म्हणाली, “गावाम्होरं बोलाल का हे?” मी पारावर उभा राहून बोललो. दुसऱ्या दिवशी ती हंडा घेऊन पाण्याला गेली, असं लखननं कळवलं. निघताना मी तिला विचारलं होतं, धर्मराज मला माफ करील का. ती म्हणाली, “ते कुनाचं वाईट करनारे नव्हते. पर लई सरळ व्हते. इचारलं की उत्तर लागायचं त्यांना.”

पोलीस ठाण्यात तपासासाठी सील फोडलं तेव्हा मी हजर होतो. लाख शाबूत, गाठ शाबूत. आत बेल्ट, आणि हूक पंचनाम्यात लिहिल्याप्रमाणे त्याच्याच कडीत. फक्त हुकाच्या आतल्या वळणावर गंज घासून गेला होता. ताज्या तारेनं घासावा तसा, पांढरा चकचकीत पट्टा. हवालदारानं तो नीट पाहिलाही नाही.

आता मी केजमध्ये पाण्याच्या टाकीच्या कामावर देखरेख करतो. चार माणसं वर असतात. रोज आधी मी चढतो, दोरी हातानं ओढून बघतो, मगच त्यांना चढवतो. चौथं शील म्हणताना खोकला येत नाही. मी विचारतो, चार उत्तरं येतात, आणि पाचवं येत नाही.

पण दुपारी तीनच्या सुमाराला, मी जिथं कुठं असेन तिथं, टाकीखाली, एस.टी. स्टँडवर, घरी आईसमोर जेवायला बसलेला असलो तरी, ओल्या बगॅसचा वास येतो. आणि कानाशी, अगदी अदबीनं, कुणीतरी विचारतं.

“सायेब... तुमचा लागला का?”

तो काळजीनं विचारतो की कशानं, मला कळत नाही. मी जमिनीवर असतो, पडण्यासारखं काही नसतं, तरी हात आपोआप कमरेकडे जातो. नुसतं ‘लागला’ म्हटलं तर कदाचित तो जाईलही. पण त्याला खोटं सांगणं आता माझ्याच्यानं होणार नाही. आणि खरं उत्तर एकच आहे, तेच त्यानं मला विचारलं होतं. मी अजून ते बोललेलो नाही, कारण त्यानंतर वीस मिनिटांनी काय झालं ते मला माहीत आहे.

हूक लावू कुठं?